उपळ्याचे खातेदार आणि मेंदूतले रस्ते

ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावाची बातमी देशभर फिरली. गावातली ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावे आहे, अशी ती बातमी. नोंद कोणी केली, केव्हा केली, हे कोणालाच ठाऊक नाही, असं तेव्हाच्या सरपंचांनी सांगितलं. पूर्वी गावात लग्न निघालं की आधी माकडांना मानपान आणि मग पुढचं कार्य, अशी रीत होती. आता ती सगळेच पाळत नाहीत, पण दारात आलेल्या माकडाला कोणी उपाशी परत धाडत नाही. गावात तेव्हा शंभरेक माकडं होती. त्या जमिनीवर वन विभागाने झाडं लावली आहेत. बहुतेकांनी ही बातमी हसून पुढे पाठवली, आणि ते साहजिकच होतं. जिथे हातभर बांधासाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तिथे ३२ एकरांचा खातेदार असा बिनतक्रार बसलेला असावा, ही मौजच.

मला मात्र त्या बातमीत जमिनीपेक्षा दारातलं माकड जास्त महत्त्वाचं वाटलं. त्याला कोणतं घर भाकरी देतं हे आठवावं लागतं. उंबऱ्यावर आलेली बाई कालचीच की दुसरी, हे ओळखावं लागतं. तिच्या हातात भाकरी आहे की काठी, ती आपल्याकडे बघतेय की पाठमोरी आहे, हे क्षणात ताडावं लागतं. शिवाय टोळीतला दांडगा नर किती अंतरावर आहे याचाही हिशेब ठेवावा लागतो. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा या अभ्यासकांनी बंदिपूरच्या जंगलात टोपी माकडांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली माकडं पर्यटकांपुढे हात पसरतात, विशिष्ट आवाज काढतात, आणि समोरचा काय करतो याकडे लक्ष ठेवतात. माणसाकडून काही मिळवायचं तर त्याचं लक्ष वेधावं लागतं, हे त्यांना कळतं. हीच कामं आपणही दिवसभर करत असतो, फक्त त्यासाठी पंधरा-सोळा पट वजनाचा मेंदू बाळगतो. मग एवढ्या वाढीव मेंदूत नेमकं आहे काय?

आधी माकड कोणतं, ते सांगायला हवं. मराठवाड्यात दोन जातींची वर्दळ असते. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर, आणि लालसर तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखं दिसणारं ते टोपी माकड. दोघांमधलं अंतर दिसतं त्याहून बरंच मोठं आहे. वानर पाला खातं. त्याचं पोट पाला आंबवून पचवण्यासाठी कप्प्याकप्प्यांचं झालेलं आहे. टोपी माकड फळं, बिया, किडे, आणि आपल्या हातातली पिशवीही सोडत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १४० हून अधिक प्रायमेट, म्हणजे माकड-माणूस यांच्या गणातल्या, जातींची तुलना केली गेली. त्यात शरीराच्या मानाने फळं खाणाऱ्यांचा मेंदू पाला खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी भरला. पाला सगळीकडे असतो, फळ मात्र कुठल्या झाडावर कधी पिकतं ते लक्षात ठेवावं लागतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मेंदूविज्ञानाच्या पुस्तकांत नुसतं ‘माकड’ म्हटलं की ते बहुतेक वेळा उत्तर भारतातलं रीसस माकड असतं, म्हणजे आपल्या टोपी माकडाचं सख्खं चुलत भावंड. पुढे ‘माकड’ म्हणतो ते याच घराण्यातलं.

हे घराणं आणि आपण एकमेकांपासून सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झालो. माकड आपला पूर्वज नव्हे. जेवढी वर्षं आपण बदलत आलो, तेवढीच तेही बदलत आलं आहे. त्यामुळे माकडाच्या मेंदूत एखादी गोष्ट नसली तर ‘ती अजून यायची आहे’ असा अर्थ निघत नाही, आणि असली तर ‘तिथेच थांबली’ असाही नाही. हे साधं पथ्य पाळलं गेलं असतं तर या विषयावरचं निम्मं लोकप्रिय लिखाण छापलंच गेलं नसतं.

आता आकडे. रीसस माकडाच्या मेंदूचं वजन नव्वद ग्रॅमच्या आसपास भरतं, माणसाचं १,३०० ते १,५०० ग्रॅम. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची ऊती द्रवात विरवून पेशींची केंद्रकं मोजण्याची पद्धत काढली. त्या मोजणीत २००७ मध्ये रीससच्या मेंदूत सुमारे ६४० कोटी चेतापेशी निघाल्या, तर २००९ मध्ये माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. माणसाच्या आकड्यातल्या ६,९०० कोटी पेशी मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. विचार, भाषा, नियोजन यांचं श्रेय आपण ज्या सुरकुतलेल्या बाह्य थराला, म्हणजे कॉर्टेक्सला देतो, त्यात माणसाच्या सुमारे १,६०० कोटी आणि माकडाच्या सुमारे १७० कोटी पेशी आहेत.

म्हणजे साधारण नऊ-दहा पट. पण या मोजणीचा खरा धक्का वेगळाच होता. प्रायमेट घराण्यात मेंदू मोठा होत जाताना पेशी ज्या प्रमाणात वाढतात, त्याच प्रमाणात माणसातही त्या वाढल्या आहेत. एवढ्या वजनाच्या प्रायमेट मेंदूत जेवढ्या असायला हव्यात तेवढ्याच. पेशींच्या संख्येपुरता तरी निसर्गाने माणसाला कुठला खास सवलतीचा दर लावलेला नाही. तेव्हा फरक शोधायचा तर पेशी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, तिथे शोधायला हवा.

इथे एक अडचण आहे. मेंदूचे भाग दुप्पट झाले आणि प्रत्येक भाग प्रत्येकाशी जोडलेला ठेवायचा म्हटलं, तर जोडण्या चौपट होतात. तेवढे तंतू मावायला कवटीत जागा नाही, आणि त्यांना पोसायला रक्तही पुरणार नाही. म्हणून मेंदू मोठा होतो तशी जोडण्यांची टक्केवारी घसरते. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये शक्य असलेल्या जोड्यांपैकी सुमारे ९७ टक्के प्रत्यक्षात आढळल्या, माकडात ६६ टक्के. उंदराच्या मेंदूत जवळपास सगळ्यांची सगळ्यांशी ओळख आहे. माकडात निवड सुरू झाली आहे, आणि माणसात ती आणखी कडक असणार.

माकडाचा हा ६६ टक्क्यांचा आकडा फ्रान्समधल्या लियों शहरातल्या हेन्री केनेडी यांच्या गटाचा आहे. त्यामागची पद्धत थोडी सांगतो, कारण तिच्यातच या शास्त्राचं बळ आहे आणि अपराधही. जिवंत माकडाच्या कॉर्टेक्समधल्या एका भागात विशिष्ट रंगद्रव्य टोचतात. ते तिथल्या तंतूंच्या टोकांत शिरतं आणि तंतूतून उलटं प्रवास करत मूळ पेशीपर्यंत पोचतं. काही दिवसांनी माकडाला मारून मेंदूचे पातळ काप करतात आणि रंगलेल्या पेशी कुठेकुठे आहेत ते मोजतात. म्हणजे ‘या भागाला बातम्या कुठून येतात’ याची यादी मिळते. कॉर्टेक्सचे ९१ भाग धरून त्यातल्या २९ भागांत अशी टोचणी करून या गटाने १,६१५ मार्ग नोंदवले. त्यातले सुमारे एक-तृतीयांश आधी कोणी नोंदवलेलेच नव्हते.

त्याआधी १९९१ मध्ये फेलमन आणि व्हॅन एसेन यांनी माकडाच्या दृष्टीशी निगडित ३२ भाग आणि ३०५ जोडण्यांचा जो नकाशा छापला, तो आजही वर्गावर्गांतून दाखवला जातो. २०१० मध्ये आणखी एक मोठी उडी मारली गेली. मुंबईच्या आयआयटीतून शिकून गेलेले आयबीएमचे धर्मेंद्र मोधा आणि आयबीएमच्या भारतातल्या संशोधन केंद्रातले राघवेंद्र सिंग यांनी नवं माकड हातात न घेता हे काम केलं. अनेक दशकांत जगभर झालेल्या ४१० रंगद्रव्य-अभ्यासांच्या नोंदी जमवून, त्यातले नामभेद आणि विसंगती निस्तरून त्यांनी एकच जाळं उभं केलं. त्यात मेंदूचे ३८३ भाग आणि लांब अंतराचे ६,६०२ मार्ग होते. इंटरनेट आणि समाजजाळ्यांसाठी वापरलं जाणारं गणित त्यावर चालवलं तेव्हा जाळ्यात एक घट्ट विणलेला गाभा सापडला. कपाळामागच्या भागाचं त्यात अपेक्षेपेक्षा बरंच जास्त प्रतिनिधित्व होतं. दुसऱ्यांनी कष्टाने मिळवलेल्या नोंदी नीट लावणं हेही पहिल्या प्रतीचं संशोधन असतं, हे आपल्याकडे अजून पुरेसं पटलेलं नाही, म्हणून हा उल्लेख जरा लांबवला.

या जाळ्याचा स्वभाव समजायला धाराशिवच्या बसस्थानकातलं वेळापत्रक पुरे. तुळजापूर, कळंब, तेर, येडशी अशा जवळच्या गावांना दिवसभर फेऱ्या, पुण्या-मुंबईला मोजक्या. माकडाच्या कॉर्टेक्समध्ये एखाद्या भागाला येणाऱ्या तंतूंपैकी सुमारे ८० टक्के त्याच भागातले असतात. उरलेल्यांतले बहुतेक शेजारपाजारचे. अंतर वाढत जातं तशी जोडणी झपाट्याने विरळ होते. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक मार्गात लाखपटीचा फरक पडतो. पण जिल्ह्याबाहेरची बातमी, माल, पाहुणा येतो तो त्या मोजक्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनीच. मेंदूतले लांब तंतूही असेच महाग आणि थोडे असतात, आणि दूरच्या भागांना एकत्र आणणारं काम त्यांच्यावरच पडतं. माकड आणि माणूस यांच्यातला फरक मुख्यतः या लांब पल्ल्याच्या मार्गांत आहे. हा लेख लिहिण्याचं कारण तेवढंच.

माणसाच्या मेंदूत रंगद्रव्य टोचून त्याला मारता येत नाही, हे उघड आहे. मग दोन आडवाटा उरतात. एक, एमआरआय यंत्रात पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजायची. तंतूंच्या जुडग्यात पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं सरकत नाही, त्यावरून जुडग्यांची दिशा काढता येते. दुसरी वाट भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवली. माणूस यंत्रात नुसता पडून असतानाही मेंदूच्या निरनिराळ्या भागांतला रक्तप्रवाह सावकाश कमीजास्त होत असतो, आणि एकत्र काम करणाऱ्या भागांची ही लय जुळते. डाव्या हाताचा भाग आणि उजव्या हाताचा भाग दोन टोकांना असूनही एका तालात चढउतार करतात. दोन्ही वाटा काही प्रमाणात फसव्या आहेत. पाण्याच्या पद्धतीला तंतू कुठून कुठे जातो ती दिशा कळत नाही, आणि जिथे जुडगी एकमेकांना छेदतात तिथे ती नसलेले मार्गही दाखवते. लय जुळण्यासाठी थेट तंतू असावाच लागतो असं नाही. म्हणून तुलना करायची तर माकडालाही त्याच यंत्रात झोपवावं लागतं. माकड स्वस्थ पडत नाही, म्हणून बरेचदा त्याला भूल देतात. मग एकीकडे भूल दिलेलं माकड आणि दुसरीकडे जागा माणूस अशी तुलना छापून येते. असे निष्कर्ष वाचताना ही अट विसरू नये.

तरीही जे जुळतं ते थक्क करणारं आहे. पाहणं, ऐकणं, स्पर्श, हातापायांची हालचाल यांची जाळी दोघांत जवळपास एकाच आराखड्याची आहेत. २००७ मध्ये सेंट लुईसच्या गटाने भूल दिलेल्या माकडांतही ही लयबद्ध जाळी दाखवली. शुद्ध हरपल्यावरही ती चालू होती. दान्ते मँतिनी आणि सहकाऱ्यांनी तर माणसांना आणि रीसस माकडांना यंत्रात ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या सिनेमाचा अर्धा तास दाखवला आणि कोणत्या दृश्याला कोणाचा कोणता भाग चाळवतो ते ताडून पाहिलं. क्लिंट ईस्टवुडची कथा माकडांना कितपत समजली हा प्रश्न बाजूला ठेवू. दृष्टीचे भाग मात्र दोघांत बरेचसे एकाच वेळी उठत-बसत होते. गंमत अशी की काही भाग दोन्ही मेंदूंत एकाच जागी नव्हते, पण त्यांचं वागणं सारखं होतं. नकाशावर एकावर एक ठेवून जुळवणी केली असती तर ते हुकलेच असते.

आपल्या टोपी माकडाचाही या कामात वाटा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांची प्रयोगशाळा याच जातीवर काम करते. मोठ्या आकाराची पट्ट्यापट्ट्यांची चित्रं दाखवली की मेंदूच्या दृष्टिभागात गॅमा नावाच्या विद्युतलहरी उठतात. त्यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की अशा चित्रांनी एक नव्हे, दोन वेगवेगळ्या लहरी उठतात: सेकंदाला साधारण २५ ते ४५ वेळा स्पंदणारी संथ आणि ४५ ते ७० वेळा स्पंदणारी जलद. टोपी माकडात जे आढळलं ते माणसातही, डोक्यावर बाहेरून इलेक्ट्रोड लावून, आढळलं. पुढे याच गटाने बंगळुरूतल्या वयस्कर मंडळींत या लहरी तपासल्या तेव्हा वय वाढतं तशा त्या मंदावतात, आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्यांत आणखी मंदावतात, असं दिसलं. माकडात नेमकं कळलेलं इथे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीपर्यंत पोचलं आहे.

आता जे जुळत नाही ते पाहू. ऑक्सफर्डच्या फ्रान्झ-झेवियर नॉयबर्ट, रॉजियर मार्स, मॅथ्यू रशवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माणसाच्या कपाळामागच्या कॉर्टेक्सचा खालचा पट्टा १२ भागांत विभागला आणि प्रत्येक भागाचे बाकी मेंदूशी कसे लागेबांधे आहेत ते पाहिलं. मग माकडात त्याच लागेबांध्यांचा जोडीदार शोधला. २५ माणसं, २५ माकडं. १२ पैकी ११ भागांना जोडीदार मिळाला, आणि त्यात आपण भाषेचे म्हणून मिरवतो ते भागही होते! बाराव्याला, कपाळाच्या अगदी पुढच्या टोकाशी बाजूला असलेल्या छोट्या भागाला, जोडीदार सापडला नाही. हातातलं काम चालू ठेवून ‘दुसरं काही केलं तर बरं होईल का’ याचा विचार करताना हा भाग कामाला लागतो.

भाषेचंच उदाहरण अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. कपाळामागचा बोलण्याचा भाग आणि कानामागचा समजण्याचा भाग यांना जोडणारं तंतूंचं एक कमानदार जुडगं आपल्या मेंदूत असतं. जेम्स रिलिंग यांनी २००८ मध्ये माकड, चिंपांझी आणि माणूस यांच्यात त्याची तुलना केली. माणसात हे जुडगं कानशिलामागच्या भागात खूप खाली, शब्दांचे अर्थ हाताळणाऱ्या मुलुखापर्यंत उतरतं, आणि डाव्या बाजूला जास्त भरदार असतं. माकडात ते तिथवर पोचतच नाही. चिंपांझी मधेच कुठेतरी. बरीच वर्षं ही कमान म्हणजे भाषेसाठी खास बांधलेला नवा रस्ता असं सांगितलं जाई. मग २०२० मध्ये न्यूकॅसलच्या ख्रिस्टोफर पेटकोव्ह यांच्या गटाने माकडातही ऐकण्याच्या कॉर्टेक्सला पुढच्या भागाशी जोडणारा याच कमानीचा बारीक तुकडा दाखवला. म्हणजे रस्ता किमान अडीच कोटी वर्षं जुना आहे. माणसात तो रुंद झाला, डाव्या अंगाला झुकला आणि पुढच्या गावांपर्यंत गेला. उत्क्रांतीच्या कामाची ही मला कळलेली सर्वांत प्रामाणिक तऱ्हा. कोरी जमीन तिला कधी मिळत नाही.

दुसरं उदाहरण स्वस्थ बसण्याचं. मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये एका विचित्र जाळ्याला नाव दिलं: डीफॉल्ट मोड नेटवर्क. हातात काही काम नसतं, माणूस कालचं आठवत असतो, उद्याचं मनात रंगवत असतो, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधत असतो, तेव्हा हे जाळं जागं होतं. त्याची दोन मोठी ठाणी आहेत, कपाळामागे मध्यावर एक आणि मेंदूच्या मागच्या मध्यावर एक, आणि माणसात त्यांची लय घट्ट जुळते. माकडात हे जाळं आहे का? सेंट लुईसच्या २००७ च्या अभ्यासाने त्याच्यासारखं काही आहे असं सुचवलं. २०२२ मध्ये क्लेमाँ गारँ आणि सहकाऱ्यांनी माणूस, मॅकाक (म्हणजे रीसस आणि टोपी माकडाचं घराणं), आणि मार्मोसेट व माउस लेमर हे छोटे प्रायमेट यांच्यात ते पुन्हा तपासलं. दोन्ही ठाणी माकडांत आहेत, पण माणसात त्यांच्यात जो घट्ट दुवा आहे तो त्यांच्यात तसा नाही. मागचं ठाणं एका जाळ्यात, पुढचं दुसऱ्या. फरक पडला तो ठाण्यांत नव्हे, त्यांच्यातल्या दळणवळणात. भूल देण्याचा आक्षेप इथेही घेता येतो. पण मँतिनींच्या गटालाही कपाळ आणि टाळू यांच्यातली दोन जाळी माणसात अशी सापडली होती, ज्यांच्या जोडीची जाळी माकडात मिळाली नाहीत. पुरावे एकाच दिशेने साठत चालले आहेत, असं मला वाटतं.

असं का व्हावं, याचं एक देखणं अनुमान रँडी बकनर आणि फेना क्रीनेन यांनी २०१३ मध्ये मांडलं. गर्भात कॉर्टेक्स घडताना डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारे तंतू आणि काही रासायनिक खुणा आपापल्या जवळच्या भागाला कामाला बांधून टाकतात. कॉर्टेक्स लहान असतो तेव्हा जवळपास सगळीच जमीन या बंधनांच्या टप्प्यात येते. तो दहापट पसरला की मधल्या पट्ट्यांपर्यंत त्या खुणांचा जोर पोचत नाही. असे मोकळे राहिलेले पट्टे मग इंद्रियांऐवजी एकमेकांशी जोडले जातात. हे अनुमान आहे, सिद्धान्त नाही. पण एक निरीक्षण त्याला छान जुळतं. जेसन हिल आणि डेव्हिड व्हॅन एसेन यांच्या गटाने २०१० मध्ये माणसाच्या तान्ह्या बाळाचा आणि प्रौढाचा कॉर्टेक्स ताडून पाहिला. जन्मानंतर जे भाग सर्वाधिक पसरतात, जवळपास तेच भाग माकडाच्या तुलनेत माणसात सर्वाधिक पसरलेले आहेत. म्हणजे माणसाचं वेगळेपण ज्या जमिनीवर उभं आहे, ती जन्मावेळी सर्वांत अर्धवट असते आणि घर, अंगण, बोली, शाळा यांच्या सहवासात पुरी होते. अंगणवाडीतल्या पोरांच्या ताटात काय पडतं, याकडे मेंदूविज्ञानाच्या अंगानेही पाहायला हवं, ते यासाठी.

वाढीची किंमतही मोजावी लागली असावी. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रोनी पाझ यांच्या गटाने २०१९ मध्ये माकडांच्या आणि उपचारासाठी इलेक्ट्रोड बसवलेल्या माणसांच्या एकेका चेतापेशीचे संकेत ताडून पाहिले. माणसाच्या पेशी कमी संकेतांत जास्त वैविध्य साठवतात, माकडाच्या पेशी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, एकमेकींशी मेळ ठेवून सांगतात. एकीत काटकसर, दुसरीत भरवसा. माणसाला जडणाऱ्या काही मनोविकारांशी या काटकसरीचा संबंध असेल का, असा प्रश्न त्यांनीच विचारला आहे. दगड मारला तर क्षणात फांदी गाठणाऱ्या जनावराला चुकण्याची चैन परवडत नाही, हेही आहेच.

जाळी फक्त कोट्यवधी वर्षांतच बदलतात असं नाही, एका आयुष्यातही बदलतात. ऑक्सफर्डच्या जेरोम साले आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २३ माकडांचे मेंदू तपासले. त्यांना एकेकट्यापासून सात जणांपर्यंतच्या गटांत ठेवलं होतं. मोठ्या गटातल्या माकडांत कानशिलामागचे, दुसऱ्यांचे चेहरे आणि हालचाली वाचणारे भाग अधिक भरलेले होते, आणि त्यांची कपाळामागच्या भागाशी लयही अधिक जुळत होती. गट माकडांनी निवडलेले नव्हते, म्हणजे संगतीने मेंदू बदलला असं म्हणायला जागा आहे. यावर आक्षेप होता तो पिंजऱ्याचा. त्याचं उत्तर कॅरिबियन समुद्रातल्या कायो सँटियागो या बेटावरून आलं, आणि ती माकडं मुळात आपली. १९३८ मध्ये क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी भारतातून चारशेहून अधिक रीसस माकडं बोटीने नेऊन प्वेर्तो रिकोजवळच्या या बेटावर सोडली. बेट सुमारे ३८ एकरांचं, उपळ्याच्या नोंदीपेक्षा जेमतेम सहा एकर मोठं. त्यांची वंशावळ आणि कोण कोणाच्या उवा काढतं याची टिपणं पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. कामी तेस्तार आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तिथल्या मोकळ्या माकडांत दाखवलं की ज्याचे सोबती जास्त, त्याच्या मेंदूतला तोच कानशिलामागचा पट्टा आणि शेजारचा आणखी एक भाग आकाराने मोठा.

भारतातून माकडं जाणं पुढे फार वाढलं. १९५० च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी वर्षाला लाखाच्या वर रीसस माकडं परदेशी पाठवली जात. १९७८ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. माकडाच्या मेंदूचा नकाशा आज आपल्या हाती आहे, त्यातला मोठा हिस्सा अशा निनावी जनावरांनी दिलेला आहे, हे लिहिताना माझाही हात जरा अडखळतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांतल्या दोन घडामोडी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, २०१८ पासून अनेक देशांतल्या प्रयोगशाळा आपल्या माकडांच्या एमआरआय प्रतिमा एका सामायिक साठ्यात ठेवू लागल्या आहेत. यंत्रात गेलेलं माकड जिवंत बाहेर येतं, आणि एकदा काढलेली प्रतिमा शंभर अभ्यासकांना पुरते.

दुसरी गोष्ट बंगळुरूची. भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांच्या गटाने टोपी माकडांसाठी झोके, ओंडके, चढण्या-उतरण्याला जागा असलेलं सामायिक घर बांधलं आणि त्याला लागून टचस्क्रीनची एक खोली. डोकं शिकंज्यात अडकवायचं नाही. माकडाला वाटलं तर ते येतं, पडद्यावर उत्तर देतं, बरोबर आलं तर नळीतून रस पितं. पडद्यावरच्या दोन प्रतिमा सारख्या की वेगळ्या, हे ओळखण्याचं कोडं शिकवायला एरवी प्रशिक्षकांना पायरीपायरीने दीर्घ मेहनत घ्यावी लागते. २०२१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका नवख्या माकडाची हकिकत आहे. त्याला कोणी काही शिकवलं नाही. शिकलेल्या सोबत्यांबरोबर त्याला त्या खोलीत सोडलं, त्यांचं बघून बघून ते पडद्याशी गेलं, आणि थोड्याच दिवसांत तेच कोडं सोडवून रस मिळवू लागलं.